कच्च्या ट्यूनात नेमकं काय असतं?

गोव्यातल्या सुर्ल्याला जपान आजवर ठाऊक होता तो खनिजामुळे. डिचोली तालुक्यातल्या शिरगाव, पाळी, सुर्ला या पट्ट्यातलं लोहखनिज ट्रकांतून नदीकाठच्या धक्क्यांवर यायचं, बार्जांत भरून मांडवीतून मुरगावला जायचं आणि तिथून मोठ्या जहाजांनी परदेशी. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या दशकात या खनिजाचं मोठं गिऱ्हाईक होतं जपानचे पोलाद कारखाने. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या आणि घरोघरच्या तरुणांना दुसरीकडे काम शोधावं लागलं. काही जण पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमलच्या हॉटेलांत लागले. तिथे जपान वेगळ्या रूपात समोर येतो. काळ्या ताटलीत मांडलेले गडद लाल रंगाचे, बोटभर लांबीचे कच्च्या माशाचे काप, बाजूला हिरवा तिखट वासाबी आणि वाटीत सोया सॉस. भाताशिवाय नुसते काप वाढले तर ती साशिमी. वाटीभर भातावर तेच काप पसरले की तेक्कादोन. मासा ट्यूना, म्हणजे आपल्याकडे ज्याला कुपा किंवा गेदर म्हणतात त्याच कुळातला.

व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांनी ट्यूना हा प्रथिनांचा मासा म्हणून ऐकलेला असतो. मग प्रश्न येतो: कच्चा खाल्ला तर अधिक ताकद मिळते का? आणि घरातल्या मोठ्यांचा त्याच्या नेमका उलटा प्रश्न: कच्चं नुस्तं खाऊन माणूस आजारी कसा पडत नाही? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दोन्हींची उत्तरं माशाच्या अंगात आणि त्याच्या प्रवासात दडलेली आहेत.

ट्यूनाचं मांस पापलेटासारखं पांढरं का नसतं, इथून सुरुवात करू. हा मासा जन्मभर पोहत राहतो. तोंड उघडं ठेवून पुढे सरकत राहिला तरच कल्ल्यांवरून पुरेसं पाणी वाहतं आणि त्याला प्राणवायू मिळतो. थांबला की गुदमरतो. अशा अखंड कामासाठी स्नायूंत प्राणवायूचा साठा लागतो आणि तो साठा धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे मायोग्लोबिन. त्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. काप लाल दिसतो तो या मायोग्लोबिनमुळे. ताजा काप काही काळ उघड्यावर राहिला तर त्यातल्या लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि रंग तपकिरी पडू लागतो. म्हणूनच जपानी बाजारासाठीचा ट्यूना उणे ५० ते उणे ६० अंश सेल्सिअसवर साठवतात. घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांत तो रंग फार दिवस टिकत नाही. काही देशांत कार्बन मोनॉक्साइड वायू देऊन लाली पक्की करण्याची वाट काढली गेली. असा मासा शिळा झाला तरी लालच दिसतो, त्यामुळे जपानने आणि युरोपीय संघाने ती पद्धत नाकारली. तेव्हा नुसत्या लाल रंगावर भिस्त ठेवू नये.

आता आकडे. पिवळ्या पराच्या ट्यूनाच्या, म्हणजे यलोफिनच्या, १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे ११० कॅलरी, २४ ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम अर्धा ग्रॅम चरबी असते. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात हा आयसीएमआरचा हिशेब धरला, तर अर्ध्याहून अधिक गरज या एवढ्याशा मांसातून भागते. शिवाय ही उत्तम दर्जाची प्रथिनं आहेत; शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्लं त्यांत आहेत. नियासिन हे ब गटातलं जीवनसत्त्व सुमारे १८ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसभराची गरज पुरी करणारं. सेलेनियम ९० मायक्रोग्रॅमच्या आसपास, रोजच्या गरजेहून जास्त. बी-१२ दोन मायक्रोग्रॅम, जवळजवळ दिवसाची पूर्ण गरज. बी-६ ही भरपूर. कर्बोदकं शून्य, तंतू शून्य, सी जीवनसत्त्व नाहीच म्हणायचं.

लोह मात्र या यादीत अपेक्षेपेक्षा कमी दिसतं. यलोफिनमध्ये १०० ग्रॅमला पाऊण मिलिग्रॅम, स्किपजॅक या छोट्या ट्यूनात सव्वा मिलिग्रॅम. लाल भाजीच्या आकड्यापुढे हे किरकोळ वाटेल. पण मायोग्लोबिनमधलं लोह हे हीम स्वरूपातलं लोह आहे. भाजीपाला, डाळी, तांदूळ यांतलं लोह आतड्यात फारच थोडं शोषलं जातं. हीम लोहाचा निदान सहावा-सातवा हिस्सा, कधी चौथा हिस्सासुद्धा, रक्तात पोहोचतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मासा किंवा मांस त्याच जेवणात असेल तर भाताभाजीतलं दुसरं लोहही अधिक शोषलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३९ टक्के रक्तक्षयाच्या सापडल्या, महाराष्ट्रात तर ५४ टक्के. घरात मासा शिजतो आणि तरी बाईच्या वाट्याला शेवटची तुकडी येते, कधी नुसता रसा येतो. पोषणाचं गणित ताटात कोणाला काय वाढलं इथपर्यंत आणल्याशिवाय पुरं होत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

ट्यूना म्हटलं की लगेच ओमेगा-३ चं नाव निघतं. इथे मोठी गल्लत होते. सगळा ट्यूना एकसारखा नसतो आणि एकाच माशाचे दोन भागही एकसारखे नसतात. जपानी लोक पाठीकडच्या कमी चरबीच्या लाल मांसाला अकामी म्हणतात आणि पोटाकडच्या फिकट गुलाबी, चरबीदार भागाला तोरो. निळ्या पराच्या महाकाय ट्यूनाच्या, ब्लूफिनच्या अकामीत १०० ग्रॅमला चरबी दीड ग्रॅमच्या आत, तर तोरोत २७ ग्रॅमच्या पुढे. प्रथिनं अकामीत २६ ग्रॅम, तोरोत २०. कॅलरी अकामीच्या ११५ ते १२५, तोरोच्या तीनशेच्या वर. ओमेगा-३ असतं ते चरबीत. त्यामुळे तोरोच्या १०० ग्रॅममध्ये डीएचए हे मेंदूला आणि डोळ्यांना लागणारं मेदाम्ल तीन ग्रॅमपर्यंत सापडतं, अकामीत मात्र त्याचा अगदी थोडा अंश. उष्ण समुद्रातल्या यलोफिनचीही तीच गत: ईपीए आणि डीएचए मिळून १०० ग्रॅमला अवघे १०० मिलिग्रॅम. युरोपीय अन्नसुरक्षा संस्था मोठ्या माणसाला दिवसाला २५० मिलिग्रॅम पुरेसे मानते, म्हणजे एवढा ट्यूना खाऊन त्याच्या निम्मेही हाती येत नाहीत.

ब्लूफिन गोव्याच्या समुद्रात मिळत नाही. हॉटेलातल्या साशिमीत लाल, चरबीहीन यलोफिन असेल, तर हृदयासाठी ओमेगा-३ मिळवायच्या हिशेबाने ती मागवणं व्यर्थ आहे. त्यासाठी तारले आणि बांगडे आहेत. पावसाळ्यानंतर तारल्यांच्या अंगावर चरबी चढते तेव्हा त्यांच्यातलं ओमेगा-३ यलोफिनच्या कित्येक पट असतं, आणि किमतीची तर तुलनाच नको. ट्यूनाकडे वळायचं ते प्रथिनं, लोह, बी-१२, नियासिन आणि सेलेनियम यांच्यासाठी.

ज्या तोरोसाठी आज श्रीमंत गिऱ्हाइकं रांग लावतात, तो एकेकाळी जपानमध्ये टाकून दिला जायचा. एकोणिसाव्या शतकातल्या एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, बर्फ नव्हता. चरबीदार पोट सर्वांत आधी नासायचं. खायचे ते लाल मांस, तेही सोया सॉसमध्ये मुरवून, कारण त्यातल्या मिठाने मासा थोडा अधिक टिकायचा. गोरगरिबांचं हे खाणं होतं. उलथापालथ झाली ती शीतगृहं आणि विमानं आल्यावर. जपानी विमानकंपनीला अमेरिका खंडातून परतताना भरायला माल हवा होता. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटाच्या किनाऱ्यावर हौशी लोक ब्लूफिन गळाला लावून, फोटो काढून फेकून देत. १४ ऑगस्ट १९७२ रोजी तिथून विमानाने आणलेल्या ब्लूफिनचा तोक्योच्या त्सुकिजी बाजारात लिलाव झाला आणि ट्यूना जगभरचा माल बनला. ५ जानेवारी २०१९ ला, बाजार नव्या तोयोसूच्या जागेत गेल्यावरच्या पहिल्या नववर्ष लिलावात, २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी येनच्या वर गेला. या किमतीचा पोषणाशी काडीचा संबंध नाही. लाल मांसाचं पोषणमूल्य एदोच्या मजुराच्या ताटात जेवढं होतं तेवढंच आजही आहे.

आता मुलांच्या प्रश्नाकडे. कच्चेपणामुळे काय वाढतं? फार थोडं. प्रथिनं शिजल्यावर नाहीशी होत नाहीत. त्यांची घडी उलगडते आणि पाचकरसांना ती उलट सोयीची होतात. लोह, सेलेनियम ही खनिजं उष्णतेने नष्ट होऊ शकत नाहीत. नियासिन आणि डी जीवनसत्त्व उष्णतेला चांगलंच टिकतं. बी-१२ आणि बी-६ थोडं घटतं, पण त्यातला बराचसा भाग नष्ट होत नाही, पाण्यात उतरतो. ज्या पद्धतीत ते पाणी ओतून देतात तिथे नुकसान होतं. डबाबंद ट्यूना आधी वाफवतात, मग त्याचं पाणी आणि बरोबरची थोडी चरबी निघून जाते. आपल्या हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, मात्र रसा भाताबरोबर पोटात जातो. सुर्ल्यात कुप्याचं सोलं-तिरफळं घातलेलं हुमण मंद आचेवर दहा-बारा मिनिटं उकळलं, तर साशिमीतल्या पोषणाचा जवळजवळ सगळा ऐवज त्या मडक्यातच राहतो. रव्यात घोळून तळलेल्या तुकडीचं गणित निराळं. अर्धा ग्रॅम चरबी असलेला मासा तेल पिऊन कितीतरी जड होतो.

पूर्ण ताट म्हणून पाहिलं तर? तेक्कादोनमध्ये साधारण अडीचशे ग्रॅम शिजलेला पांढरा भात, त्याला शिरका, साखर आणि मीठ लावलेलं, वर ऐंशी-शंभर ग्रॅम ट्यूना, थोडं नोरी हे समुद्रशेवाळ. सगळं मिळून पाचशे ते साडेपाचशे कॅलरी. पोटभरीचं आणि हलकं जेवण. पण चमचाभर, म्हणजे १५ मिलीलीटर सोया सॉसमध्येच दोन-अडीच ग्रॅम मीठ असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमची आहे. रक्तदाब असलेल्याने काप सॉसमध्ये बुडवू नये, टोक लावावं. हुमणातही मीठ असतंच, वर नारळाची चरबी आणि कॅलरी येतात. हेही प्रामाणिकपणे मोजायला हवं.

भाताच्या बाबतीत मात्र आपली बाजू सरस आहे. घासून पांढरा केलेला तांदूळ खाणाऱ्या जपानी शहरवासीयांना आणि खलाशांना बेरीबेरीने ग्रासलं होतं. नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ मध्ये त्सुकुबा या जहाजावरचं जेवण बदलून तो रोग अन्नाशी जोडलेला असल्याचं दाखवलं. कारण पुढे कळलं: थायमिन, म्हणजे बी-१, तांदळाच्या कोंड्याबरोबर निघून जात होतं. गोव्यातला उकडा तांदूळ तुसासकट उकडलेला असतो. त्या उकडण्यात कोंड्यातलं थायमिन दाण्यात शिरतं आणि कांडल्यावरही बऱ्याच अंशी राहतं. उकड्या तांदळाच्या शितांवर कुप्याचं हुमण हे जेवण पोषणाच्या दृष्टीने तेक्कादोनच्या तोडीस तोड आहे, आणि भातापुरतं त्याहून उजवं.

घरातल्या मोठ्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. कच्चा मासा खाऊन माणूस आजारी पडतो, पडू शकतो. जपानी माणूस बहुधा पडत नाही त्यामागे मासा पकडल्या क्षणापासूनची शिस्त आहे. ट्यूना हा माशांतला विलक्षण प्राणी, त्याचं अंग भोवतालच्या पाण्याहून गरम असतं. गळाला लागून झुंजल्यावर ते आणखी तापतं. तो लगेच मारून, रक्त काढून, आतडी-कल्ले साफ करून बर्फात घातला नाही तर मांस आतूनच बिघडू लागतं. ट्यूनाच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबदार राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. गोव्याच्या तीस अंशांच्या हवेत याला काही तास पुरतात. हिस्टामिन जास्त झालेला मासा खाल्ला की तासाभराच्या आत तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, छातीत धडधडतं. लोक याला माशाची ॲलर्जी समजतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात १०० ग्रॅम माशात २० मिलिग्रॅम हिस्टामिन ही मर्यादा आहे. आणि हे विष शिजवल्याने, तळल्याने किंवा पुन्हा गोठवल्याने जात नाही. म्हणजे बर्फाची शिस्त साशिमीला जेवढी हवी तेवढीच हुमणालाही हवी. कुपा बांगड्याच्याच मोठ्या कुळातला, त्यामुळे हा धोका बांगड्यालाही आहे.

दुसरा धोका कृमींचा. समुद्री माशांत ॲनिसाकिस नावाची अळी सापडते. अमेरिकी नियमानुसार कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर सात दिवस किंवा उणे ३५ अंशांवर गोठवून १५ तास ठेवावा लागतो. खोल समुद्रातल्या मोठ्या ट्यूनांना त्यात सूट आहे, कारण त्यांच्यात ही अळी विरळ. लिंबू पिळलं की मासा पांढरा पडतो आणि शिजल्यासारखा दिसतो. पण आंबटाने प्रथिनं गोठतात, अळ्या मरतात असं नाही. वासाबी आणि शिरक्यावरही तेवढा भरवसा ठेवू नये. आणि नदीतला मासा, मांडवीतली शेवटां असोत की काळुंदर, कधीही कच्चा खाऊ नये. गोड्या आणि मचूळ पाण्यातल्या माशांतून येणाऱ्या परजीवींची यादी समुद्रापेक्षा लांब आहे.

सुर्ला समुद्रापासून आत आहे. मासळी जेटीवरून बाजारात, बाजारातून टेंपोत किंवा दुचाकीमागच्या खोक्यात आणि मग दारात येते. या वाटेवर बर्फ किती वेळा वितळला हे दारातल्या गिऱ्हाइकाला कळत नाही. जुलै २०१८ मध्ये परराज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मलिन असल्याच्या बातमीने गोवा हादरला आणि सरकारला काही दिवस बाहेरच्या मासळीवर बंदी घालावी लागली. लोकांच्या तोंडचा घास विश्वासावर चालतो, तो विश्वास पुन्हा बसवायला बर्फ, स्वच्छ खोकी आणि नियमित तपासणी यांवर खर्च करावा लागेल. तोवर दारात आलेल्या कुप्याची साशिमी घरी करण्याचा मोह कोणी धरू नये. ज्या हॉटेलात कच्चा मासा देतात तिथे तो कोणता, कुठून आला आणि गोठवलेला होता का, हे विचारायला संकोच करू नये. तिथे काम करणाऱ्या आपल्या मुलांनी तर हे आधी शिकून घ्यावं.

तिसरी गोष्ट पाऱ्याची. ती कच्च्या-शिजलेल्याने बदलत नाही. १९५६ मध्ये जपानच्या मिनामाता शहरात माणसं, मुलं कायमची अपंग करणारा आजार उघड झाला; तो माशांतून आलेल्या मिथिल पाऱ्याने झाल्याचं पुढे कळलं, आणि तिथे कारण कारखान्याचं सांडपाणी होतं. मोकळ्या समुद्रातही पारा असतो. लहान मासा मोठ्याने खावा, मोठा आणखी मोठ्याने, असा तो साठत जातो. म्हणून दीर्घायुषी मोठ्या ट्यूनात तो अधिक. अमेरिकी चाचण्यांत बिगआय या मोठ्या ट्यूनात सरासरी किलोला ०.६९ मिलिग्रॅम, यलोफिनमध्ये ०.३५, तर छोट्या माशांपासून केलेल्या डबाबंद लाइट ट्यूनात ०.१३ आढळला. जपानचं आरोग्य मंत्रालय गर्भवतींना ब्लूफिन आणि बिगआय आठवड्यातून एकदाच, ८० ग्रॅमपर्यंत, खायला सांगते. आपल्या किनाऱ्यावरचा कुपा लहान आणि अल्पायुषी, म्हणून या बाबतीत बरा. तारले-बांगडे त्याहूनही निर्धास्त. गर्भवतींनी कच्चा मासा टाळावाच. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी ट्यूनाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

कुप्याला आपल्याकडे मान कमी. इसवण आणि पापलेट पाहुण्यांना, कुपा घरच्यांना. रक्ताळ मांस आणि उग्र वास ही तक्रार. फोडी करताना कण्याच्या दोन्ही बाजूंचा काळपट पट्टा बायका काढून टाकतात. हा पट्टा सतत पोहण्याचं काम करणारा स्नायू, मायोग्लोबिनने ठासलेला, आणि लोह इतर मांसापेक्षा त्यातच जास्त. वास येतो कारण तोच सर्वांत आधी बिघडतो. कुपा ताजा असेल, कल्ले लाल, डोळे फुगीर, अंग ताठ आणि हाताला गार लागणारं असेल, तर तो पट्टा टाकू नये. सोलं आणि तिरफळं त्याचा वास पुरेसा आवरतात. उरलेलं हुमण दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायचं तर गार होताच फ्रीजमध्ये जावं. जेवताना बाजूला लिंबाची फोड असावी आणि जेवणावरचा चहा तासभर पुढे ढकलावा. लिंबातल्या सी जीवनसत्त्वाने भातातलं लोह अधिक शोषलं जातं, चहातल्या टॅनिनमुळे ते अडतं.